दहा घरं, एक काडी आणि मातीचे बैल

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची बावीस लेकरं माझ्याकडे येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर दार उघडायच्या आधीच ओट्यावर बसलेली असतात, कारण माय वावरात निघून गेलेली असते. या लेकरांसाठी मी पटावरचा एक खेळ तयार केला आहे. त्यात दहा घरं आहेत, फाशाच्या जागी तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या खोडाची, एक काडी आहे आणि सोंगट्यांच्या जागी मातीचे बैल. बनवायला एक दुपार लागते आणि बैल वाळायला पाच-सहा दिवस. घरी आजी-आजोबांनाही सहज जमेल असा आहे, म्हणून सगळं बैजवार लिहिते.

आधी काय फसलं ते सांगते, म्हणजे खेळ असाच का आहे ते समजेल.

सुरुवातीला मी आठवडी बाजारातून सापशिडी आणली होती. तिच्यात शंभर घरं. तीन वर्षांचं लेकरू पाचापर्यंत मोजतं, चार वर्षांचं दहापर्यंत पोचतं, त्याला शंभराचं काय करायचं? त्यात पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे, तिसरी पुन्हा उलट. दहावरून अकरावर गेल्यावर आपण माघारी का चाललो, हे लेकराला कळतच नाही. आणि साप! एका पोराची सोंगटी सापाच्या तोंडात गेली, तर ते उठून दाराआड जाऊन बसलं. खिचडी वाढली तरी आलं नाही. आमच्याकडे साप काही चित्रातलाच नसतो, तुराट्यांच्या ढिगाखालून खरोखरचा निघतो. त्या पोराला तो खराच वाटला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

मग गावातल्या एका आजीनं चंगअष्टा सुचवला. "आमी त चिंचोक्यावरच खेळो, तुले कायले पायजे इकतचा खेळ?" असं म्हणाली आणि तिथंच कोळशानं फरशीवर पट आखून दिला. पाच बाय पाच, पंचवीस घरं. चार चिंचोके दगडावर घासून अर्धे केलेले. चारी पांढरे पडले तर चार, चारी काळे पडले तर आठ, प्रत्येकाच्या चार सोंगट्या आणि वाट बाहेरून आत वळत जाणारी. आजीच्या हाताला तो इतका सवयीचा की चिंचोके पडायच्या आधीच तिची सोंगटी उचललेली असायची. सुंदर खेळ आहे, पण तो आठ-नऊ वर्षांच्या पोरांचा. लहानग्यांना चार सोंगट्यांतली कोणती चालवायची हेच ठरवता येत नाही. मी त्यातून एकच गोष्ट उचलली: दोन बाजूंची बी. एक बाजू म्हणजे एक, दुसरी बाजू म्हणजे दोन. सहा ठिपक्यांच्या फाशाची गरजच नाही.

सरळ ओळीत दहा घरं असावीत, हे मात्र माझ्या लेकीनं सांगितलं. ती अमरावतीला बी.एड. करते. अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या दोघांचा २००८ साली एक अभ्यास छापून आला, तो तिला शिकायला होता. गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत त्यांनी एक ते दहा आकड्यांचा सरळ पट खेळला. फिरकीवर फक्त एक आणि दोन. दोन आठवड्यांत चार वेळा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, एवढंच. दुसऱ्या गटातली मुलं तसाच पट खेळली, पण त्याच्या घरांत आकड्यांऐवजी रंग होते. आकड्यांचा पट खेळलेल्या मुलांना आकडे ओळखणं, मोजणं आणि कोणता आकडा मोठा हे सांगणं चांगलं जमू लागलं, आणि नऊ आठवड्यांनंतरही ते टिकून होतं. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात त्यांनी गोल वाट करून पाहिली, तर तिचा तसा उपयोग झाला नाही. सरळ वाटेवर मोठा आकडा म्हणजे लांब चाललेला बैल. लेकराच्या डोळ्यांना ते दिसतं, हाताला जाणवतं आणि तिथं पोचायला किती वेळ लागला हेही कळतं. गोल वाटेवर दहा पुन्हा एकाच्या शेजारी येऊन बसतो.

दहावर थांबायचं आणखी एक कारण आपल्या मराठीतच आहे. दहापर्यंतची नावं लेकरू पाठ करतं, पण पुढं अकरा, बारा, मग एकोणीस, एकोणतीस, अशी नावं येतात की ऐकून काही अंदाज लागत नाही. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं लिहिलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. ते बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलांनाही जे जड जातं, ते अंगणवाडीत आणायची घाई नको.

पट, काडी आणि बैल

पटासाठी तांदळाचं पन्नास किलोचं रिकामं पोतं घ्या. शिवण उसवून ते उघडा, धुऊन उन्हात वाळवा आणि छापील बाजू खाली करा. साधारण मीटरभर लांबी मिळते. एका टोकाला हातभर जागा न सोडता जेमतेम चार बोटं जागा सोडून तिथं शेत काढा, दुसऱ्या टोकाला तेवढीच जागा सोडून गोठा. मधल्या पट्ट्यात दहा घरं आखा. घर रुंदीला चार-पाच बोटं आणि उंचीला चांगली वीतभर असू द्या, म्हणजे चार बैल एकाच घरात एकाखाली एक उभे राहू शकतात. आमच्या पहिल्या पटावर घरं चौकोनी आणि लहान होती. दोन बैल एकत्र आले की ढकलाढकली व्हायची, आणि बैलांची ढकलाढकली लगेच लेकरांची होते.

आकडे डावीकडून उजवीकडे, १ ते १०, प्रत्येक घराच्या वरच्या कडेला मोठे लिहा. ऑइल पेंट बरा, मार्कर महिन्याभरात पुसतो. आकड्याखाली तेवढेच ठिपके काढा. ज्याला आकडा वाचता येत नाही ते ठिपके मोजून काम चालवतं, आणि एक दिवस ठिपके मोजणं आपोआप सोडून देतं. शेताच्या जागेवर आकडा लिहू नका. बैल शेतात म्हणजे अजून चाललाच नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. खताचं पोतं वापरू नका, कितीही धुतलेलं असलं तरी. आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं सोंगट्या म्हणून कधीच देऊ नका. ती रंगीत असतात, घरात-कोठ्यात पडलेली असतात, लेकरांना आवडतात. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या गावांनी ते पाहिलं, त्या गावांत तरी ही झाकणं लेकराच्या हातात दिसू नयेत.

तसंच बियांचं. लाल-काळी गुंज दिसायला इतकी देखणी की मोजायला हीच घ्यावी असं वाटतं, पण ती विषारी आहे. एरंडीची बीही विषारी. गावात दोन्ही सहज सापडतात, म्हणून बजावून सांगावं लागतं.

आता काडी. पहिल्या वर्षी मी अर्धा चिंचोकाच वापरत होते. एका दुपारी चार वर्षांच्या एका पोरीनं तो नाकात घातला. मी काढायला गेले तर आणखी आत सरकला. बी ओलाव्यानं फुगते, म्हणून थांबता येत नव्हतं. तिच्या आजोबांच्या मोटारसायकलवर मागं बसून, तिला मांडीवर धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं काढला, पोरगी परतीच्या वाटेवर झोपून गेली, माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या दिवसापासून माझ्या खेळात बी नाही. खेळण्यांची चाचणी करताना साधारण ३२ मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. म्हणजे नाण्याहून थोडीच मोठी वस्तूही धोक्यातच आली, पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा. अंगणवाडीत येणारी लेकरं तीनच्या वरची असतात हे खरं, पण त्यांच्या मागं मागं धाकटी भावंडं रांगत येतातच.

म्हणून तुराटी. डिसेंबर-जानेवारीत तूर निघाली की गावभर तुराट्यांचे ढीग असतात. अंगठ्याएवढी जाड, वाळलेली, सरळ तुराटी बघा. तिचा आपल्या तळहाताएवढा लांब तुकडा कापा आणि विळ्यानं मधोमध उभा चिरा. एका अर्ध्याला पॉलिश पेपरनं नीट घासा, कडा तर दोनदा घासा, कारण तुराटीची कुसळं बोटात शिरली की लवकर निघत नाहीत. आता तुमच्या हातात एक काडी आहे: एका बाजूनं गोल आणि तपकिरी, दुसऱ्या बाजूनं सपाट आणि पांढरट. गोल बाजूवर एक ठिपका, सपाट बाजूवर दोन ठिपके. झाला फासा. काडी एका बाजूवर जरा जास्त पडते, त्यानं काही बिघडत नाही, सगळ्यांना काडी एकच आहे. तुराटी नसेल तर बांबूही चालतो.

काडी जमिनीवर टाकायला दिली तर लेकरं ती भिंतीपर्यंत भिरकावतात आणि निम्मा वेळ ती शोधण्यात जातो. सुपात टाकायला सांगा. बांबूच्या सुपात काडी पडल्याचा आवाजही छान येतो, बाकीची लेकरं तो आवाज ऐकून माना वळवतात. या सुपाचा आणखी एक मोठा उपयोग पुढं सांगते.

बैल मातीचे करायचे ठरवलं ते पोळ्यामुळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडची लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात. बैल हा त्यांच्या ओळखीचा, लाडाचा. पहिले बैल मी वावरातल्या काळ्या मातीचे केले. तिसऱ्या दिवशी पाठीवर भेगा, चौथ्या दिवशी शिंगं गळून पडली. कपाशीची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या भेगा आपण बघतोच, तेच बैलाच्या पाठीवर झालं. मग भिंती पोतारायची पांढरी माती घेतली, चाळून, त्यात सरकी काढलेला थोडा कापूस पिंजून मळला. कापसाचे धागे मातीला धरून ठेवतात. पाय वेगवेगळे बारीक करू नका, पुढचे दोन मिळून एक जाड पाय, मागचे दोन मिळून एक. शिंगं आखूड आणि बोथट. बैल पाच बोटं लांब आणि तीन बोटं उंच झाला की मुठीत नीट बसतो आणि तोंडात जात नाही. सावलीत वाळवा, उन्हात अजिबात नाही. वाळल्यावर गेरूत बाभळीचा डिंक कालवून हात द्या, नुसता गेरू बोटांना लागतो आणि मग कपड्यांना.

ओळखीसाठी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा जाड धागा घट्ट बांधा: लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. कच्च्या मातीचे आहेत, पडले की फुटतात, म्हणून चारच्या जागी आठ करून ठेवा. आणि जमलं तर लेकरांनाच करायला बसवा. आपल्या हातचा बैल लेकरू जपून ठेवतं. आमच्या सगळ्यांत लाडक्या बैलाला एकच शिंग आहे. तो ज्यानं केला ते पोरगं आता दुसरीत आहे आणि शाळेतून घरी जाताना अजून त्याला बघून जातं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढं १९५७ मध्ये त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या, आणि तिथल्या आदिवासी पाड्यांवर शिंपले, बिया, पानं, काटक्या अशा आसपासच्या वस्तूंनीच मुलांना शिकवलं. अंगणवाडी हा शब्दच त्यांच्या कामातून आला. विकतची खेळणी मिळाली तर मी आनंदानं घेते. पण तुराटी आणि पांढरी माती दरवर्षी मिळते, आणि फुटलं-तुटलं तर लेकराला रागवावं लागत नाही. खेळणं मोडायची भीती मोठ्यांच्या मनात असली की लेकरू मोकळं खेळत नाही.

खेळायला बसल्यावर

एका वेळी तीन लेकरं, फार तर चार. सगळ्यांनी पटाच्या एकाच बाजूला बसायचं. समोरासमोर बसवलं तर अर्ध्यांना आकडे उलटे दिसतात आणि त्यांचा बैल उजवीकडून डावीकडे चालतो.

सगळे बैल शेतात. संध्याकाळ झाली, बैलांना गोठ्यात न्यायचं आहे, एवढी गोष्ट सांगा आणि सुरू करा. ज्याच्या मांडीवर सूप त्याचा डाव. काडी सुपात टाकायची, ठिपके बघायचे, तेवढी घरं बैल चालवायचा आणि सूप शेजाऱ्याच्या मांडीवर द्यायचं. सूप हातातून गेलं की डाव गेला, हे तीन वर्षांच्या लेकराला दिसतं. "आता तुझी पाळी नाही, थांब" हे त्याला नुसतं ऐकून समजत नाही. सुपाच्या आधी माझा सगळा जीव पाळ्या सांभाळण्यात जायचा. दहाच्या घरात बैल असताना दोन पडले तरी तो सरळ गोठ्यात जातो, नेमका आकडाच पडायला हवा अशी अट घालू नका.

तीन वर्षांच्या लेकराकडून एवढंच होऊ द्या: काडी टाकणं, बैल पुढं नेणं, सूप देणं. ते दोनाच्या जागी चार घरं पुढं गेलं तर जाऊ द्या. एक पोरगी कितीतरी दिवस आपला बैल मध्येच पटाबाहेर न्यायची. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माहा बैल पानी पेऊन राह्यला." तिच्या बाबांसोबत ती रोज संध्याकाळी हाळावर जाते. मी पटाशेजारी पाण्याची एक वाटी ठेवली. बैल पाणी पिऊन परत आपल्या घरात येऊ लागला, आणि कोणत्या घरात परत यायचं हे लक्षात ठेवता ठेवता ती आकडे ओळखू लागली.

चार वर्षांपासून मोजणं सुरू करा, आणि इथं माझं सगळ्यांत महत्त्वाचं सांगणं आहे. बैल तिसऱ्या घरात आहे आणि दोन पडले, तर लेकरानं "एक, दोन" म्हणत चालू नये. ज्या घरात बैल ठेवला त्या घराचं नाव घ्यावं: "चार, पाच." दिसायला फरक छोटा आहे. पण "एक, दोन" म्हणणारं लेकरू कितीही खेळलं तरी एक-दोनच घोकतं, आणि घराचं नाव घेणारं लेकरू तीनच्या पुढं चार, चारच्या पुढं पाच असं रोज वीस वेळा चालतं. सीग्लर आणि एलिडा लास्की यांनी २०१४ साली शंभर घरांच्या पटावर हेच तपासलं होतं, घराचे आकडे म्हणत चाललेल्या मुलांना जास्त फायदा झाला. मला ते आधी पटलं नव्हतं, "एक, दोन" जास्त सोपं वाटायचं. पंधरा दिवस करून पाहिलं आणि तेव्हापासून दुसरं काही केलं नाही.

हे शिकवताना एक अडचण हमखास येते. बैल चारवर आहे, दोन पडले, लेकरू चारवरच बैल आपटून म्हणतं "चार", मग पाचवर नेऊन "पाच", आणि थांबतं. बसलेलं घरच त्यानं मोजलं. "चुकलं" म्हणू नका. मी अंगणातल्या लिंबाचं एक पान तोडून आणते. बैल उचलायच्या आधी त्याच्या घरात पान ठेवायचं: "इथं तो बसला होता, ही त्याची बसायची जागा." मग बैल उचलून पुढच्या घरात. पानावर पुन्हा पाय द्यायचा नाही. दोन-तीन दिवस पान लागतं. मग एक दिवस लेकरूच पान बाजूला सारतं.

आमच्याकडे काही घरांत गोंडी बोलतात. एक पोरगं महिनाभर गप्पच खेळायचं. मग एकदा काडी पडल्यावर हळूच म्हणालं, "उंदी, रंड." मी म्हटलं, पुढं? "मूंद." त्या दिवशी सगळ्या लेकरांनी दोन्ही भाषांत बैल चालवले. ज्या भाषेत लेकरू घरी मोजतं, त्याच भाषेत आधी मोजू द्या, मराठीचा आकडा त्याच घरावर मागून येऊन बसतो.

आणि हात मागं ठेवा. हे मोठ्या माणसाला फार जड जातं. लेकरू काडीकडे बघत बसतं, बैलाला कुरवाळतं, दुसऱ्याच्या बैलाशी बोलतं, आणि आपला हात आपोआप पुढं जातो. घरून आलेल्या आया-आज्यांना मी पदर दोन्ही हातांत धरून बसायला सांगते. एक आजी नातवाचा बैल सारखी स्वतःच पुढं ढकलायची, "पाय बाप्पा, असा जाते." नातू मग काडी टाकायचा आणि आजीच्या तोंडाकडे बघायचा, पटाकडे बघायचाच नाही. पदर धरल्यावर चौथ्या दिवशी तो पटाकडे बघायला लागला. चुकून का होईना, बैल लेकराच्याच हातानं चालला पाहिजे.

पंधरा मिनिटं पुरे. लेकरं आणखी मागत असतानाच पट गुंडाळा.

ढग

पाच वर्षांच्या पुढच्या लेकरांना मग नुसतं गोठ्यात पोचणं कमी वाटू लागतं, आणि "मी पयला" सुरू होतं. कोण पहिला यावर रडारड नको म्हणून मी ढग आणला. मुठीत जेमतेम मावतील असे आठ गोटे पटाच्या वरच्या कडेला मांडायचे आणि शेजारी एक रिकामं टोपलं. सगळ्यांचा एकेक डाव झाला की एक गोटा टोपल्यात: आभाळ भरत चाललं. आठही गोटे टोपल्यात जायच्या आत सगळे बैल गोठ्यात पाहिजेत, नाहीतर पाऊस आला. जिंकले तर सगळे जिंकले, भिजले तर सगळे भिजले.

आठ गोट्यांना बैल बहुतेक वेळा पोचतात. लेकरं सरावली की सात ठेवा, मग कधी पोचतात कधी नाही, आणि शेवटच्या गोट्याला सगळे श्वास धरून बसतात. ज्याचा बैल आधी गोठ्यात गेला त्यानं आपली काडी मागं राहिलेल्याच्या बैलासाठी टाकायची. हा नियम मी केलेला नाही. दोन मैत्रिणींतली एक पोचली होती, दुसरी सहावर अडकली होती, तर पहिली म्हणाली, "मॅडम, मी तिच्यासाठी टाकू काय?" मी हो म्हटलं, आणि आता तो सगळ्यांचाच नियम आहे.

पाऊस आला की मी लोट्यातलं पाणी सगळ्यांच्या डोक्यावर शिंपडत असे. ते लेकरांना इतकं आवडलं की सगळी ढगाच्याच बाजूची झाली, "ये रे ये रे पावसा" म्हणत गोटे मोजायला लागली. आता पाणी शिंपडायचं ते बैल पोचल्यावर, पाय धुवायचे म्हणून. हरल्यावर फक्त "भिजले बैल, पुसा त्यांना" म्हणते आणि एक फडकं देते. हरण्याचं दुःख फडक्यानं पुसण्यात निघून जातं.

गोटे उचलायचं काम एका वेगळ्या लेकराला द्या. नवीन आलेलं, घाबरणारं, बोलत नसलेलं लेकरू असेल तर त्यालाच. त्याला काही म्हणावं लागत नाही, पण डाव पूर्ण झाला की नाही हे त्यालाच बघावं लागतं आणि सगळे त्याच्याकडे बघून थांबतात. बाकीची लेकरं तोपर्यंत मदतनीस ताईंकडे मातीत, गाण्यात रमलेली असतात. सकाळपासून खिचडीपर्यंत माझे असे तीन गट होतात.

घरी खेळायचं असेल तर पोत्याचीही गरज नाही. अंगणात खडूनं किंवा कोळशानं दहा घरं आखा. सारवलेलं अंगण असेल तर रांगोळीची रेघ चालते. बैल झाले नसतील तर घरातला तान्ह्या पोळ्याचा लहान नंदी आणि एखादी मोठी वाटी घ्या, दोघं जण तेवढ्यावर खेळू शकतात. वेचणीहून आलेली माय थकलेली असते, तिला पंधरा मिनिटं खाली बसायला सांगणं माझ्या जिवावर येतं. म्हणून मी आजीला सांगते, मोठ्या बहिणीला सांगते. तिसरी-चौथीतली ताई लहान भावाला फार छान खेळवते, फक्त तिलाही ओढणी हातात धरून बसायला लावा.

खेळ झाल्यावर पोतं घडी न घालता गुंडाळून खिळ्याला टांगा. घडी घातली की बरोबर आकड्यांवरूनच रंग उडतो. खाली ठेवलं तर उंदीर कुरतडतात. बैल पत्र्याच्या डब्यात कापसावर निजवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा डबा उन्हाला लावा, नाहीतर माती ओल धरते आणि धाग्याखालचा गळा आधी तुटतो. काडी दर महिन्याला बोटानं चाचपून पाहा, कुसळ निघालं असेल तर पुन्हा घासा. आमच्या पटावरचे नऊ आणि दहा अजून नव्यासारखे आहेत, एक, दोन आणि तीन मात्र बैलांच्या पायांनी पार झिजले. पोळ्याच्या आधी तेवढेच पुन्हा रंगवते.